विद्यापीठ दाराशी, पण पोर जाणार कशी?



जून महिना आला की बँकेत आमच्या टेबलासमोर एक ठरलेली रांग लागते. शाळेची फी, वह्या-पुस्तके, कॉलेजचा प्रवेश, त्यासाठी मोडायची मुदत ठेव किंवा काढायचे कर्ज. गेल्या जूनमध्ये या रांगेत लिंबायतमधले एक नाना आले. मूळ अमळनेरकडचे, पंचवीसएक वर्षे पांडेसऱ्यात डाइंग हाउसमध्ये काम करतात. त्यांना दुचाकीचे कर्ज हवे होते, आणि तेही मुलासाठी नव्हे तर मुलीसाठी. मुलीला बारावी कॉमर्सला चांगले गुण पडले होते आणि विद्यापीठाच्या आवारातल्याच एका अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल अशी खात्री होती. मी म्हटले, "नाना, अभिनंदन!" तर ते म्हणाले, "पोर हुशार शे भाऊ, पन जाई कशी?"

मी हिशेब मांडला. ऐंशी हजारांचे कर्ज, ११ टक्के व्याज, तीन वर्षे, म्हणजे महिन्याला सुमारे २,६०० रुपये हप्ता. येऊन-जाऊन वीस किलोमीटर, लिटरला पंचेचाळीसचे ॲव्हरेज, पेट्रोल ९५ रुपये धरले तरी महिन्याला आणखी हजार-अकराशे. विमा, पंक्चर, सर्व्हिसिंग वेगळे. थोडक्यात, शिकवणीची फी सोडा, परीक्षेची फी सोडा, नुसते विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचायला पावणेचार हजार रुपये महिना. नानांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला, "इचार करून येतो" म्हणाले आणि परत आले नाहीत. दिवाळीच्या सुमारास भेटले तेव्हा कळले, की मुलीने घराजवळ जे मिळाले ते घेतले. ते शिक्षण वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण तिने ते निवडले नव्हते. ते तिच्यासाठी रिक्षाच्या भाड्याने निवडले.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे, म्हणून या अंकाचे संपादकीय त्याला दिले. काही वाचकांना वाटेल, की राजकीय पत्रकात कॉलेजच्या बसचा विषय कशाला? त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

दक्षिण गुजरात विद्यापीठाची स्थापना १९६५ सालची. २००४ साली त्याला सुरतच्या कवी नर्मदाचे नाव मिळाले आणि ते वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ झाले. माझ्यासारख्या २००१ साली बी. कॉम. झालेल्यांच्या पदवीवर जुनेच नाव आहे. उधना-मगदल्ला रस्त्यावर सुमारे २१० एकरांत हे आवार पसरलेले आहे. एकर म्हटले, की आपल्यातल्या शेतीवाल्यांना लगेच अंदाज येतो, बाकीच्यांसाठी हिशेब सांगतो. २१० एकर म्हणजे जवळजवळ साडेआठ लाख चौरस मीटर. हा तुकडा अगदी चौकोनी आहे असे समजले, तर एक बाजू नऊशे मीटरच्या वर जाते आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला सव्वा किलोमीटरच्या पुढे चालावे लागते. बऱ्या चालीने पंधरा मिनिटे. आता हीच पंधरा मिनिटे एप्रिलच्या दुपारी दीड वाजता मोजा, किंवा जुलैच्या पावसात प्रॅक्टिकलची फाइल छातीशी धरून मोजा.

नकाशा उघडला तर खरी गंमत दिसते. हा रस्ता सुरू होतो उधन्यातून. सोस्यो सर्कल, ब्रेडलाइनर सर्कल असे करत तो मगदल्ल्याकडे जातो. त्याच्या एका टोकाला उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या आपल्या माणसांच्या वस्त्या. दुसऱ्या टोकाकडे जाताना वाटेत विद्यापीठ. कागदावर बघाल तर विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. पण लिंबायतच्या पोरीला तिथे जायला आधी रेल्वेची लाइन ओलांडावी लागते. पावसाळ्यात गरनाळ्यात पाणी भरले की तोही रस्ता बंद, मग मोठा वळसा. त्यानंतर शटल रिक्षा, मग दुसरी रिक्षा किंवा बस, आणि गेटात शिरल्यावर वर सांगितलेली पायपीट. घरातून निघून वर्गातल्या बाकावर बसेपर्यंत हा एकच प्रवास असतो, पण त्याचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या ताब्यात आहेत. आणि तिन्ही कचेऱ्या आपापला तुकडा ठीक आहे असेच सांगतात.

या शहराने काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. २००१ च्या जनगणनेत सुरतची लोकसंख्या पंचवीस लाखांच्याही आत होती, २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत एवढे माणूस वाढले, की कुठल्याही महापालिकेची त्रेधा उडावी. तरीही आपल्या महापालिकेने जानेवारी २०१४ मध्ये बीआरटीएस सुरू केली, आणि पुढे तिच्या मार्गिका शंभर किलोमीटरच्या पलीकडे नेल्या. देशात इतके मोठे जाळे दुसऱ्या शहरात नाही. पुण्याने २००६ साली सातारा रस्त्यावर पहिला प्रयोग केला, पण त्याची जी परवड झाली ती आपल्या पुण्याच्या नातेवाइकांना विचारा. सुरतेत हे टिकले, वाढले. उधना-मगदल्ला रस्त्यावरही मधोमध बीआरटीएसची मार्गिका आहे आणि विद्यापीठाजवळ थांबा आहे. मग अडते कुठे?

अडते ते "मधोमध" या शब्दात. बीआरटीएसचा थांबा रस्त्याच्या मध्यभागी असतो. म्हणजे बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस, मग तो डाव्या बाजूला जाणारा असो की उजव्या, निदान अर्धा रस्ता ओलांडतोच. येताना एकदा आणि जाताना एकदा. बसचे तिकीट काढणारा प्रत्येक जण आधी पादचारी असतो, ही साधी गोष्ट आहे. पण रस्त्याचे नियोजन करताना बसची गती मोजली जाते, मोटारींची गती मोजली जाते आणि पादचाऱ्याने किती सेकंद थांबायचे हे कोणी मोजत नाही. सकाळी वर्ग भरायच्या वेळी एका बसमधून तीस-चाळीस मुले एकदम उतरली, तर त्यांना सिग्नल किती सेकंदांचा हवा? थांब्याच्या टोकाला उभे राहायला जागा किती हवी? समोरून येणाऱ्या गाडीचा वेग किती असावा? २०२० साली स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षा परिषदेत जगभरच्या देशांनी मान्य केले, की जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा. शाळा-कॉलेजाचे गेट ही तशीच जागा आहे. नुसता "सावकाश चालवा" असा फलक लावून वेग कमी होत नाही. त्यासाठी रस्त्याची पातळी फुटपाथइतकी उचलून ओलांडणी करावी लागते, म्हणजे गाडीवाल्याला पाय ब्रेकवर ठेवावाच लागतो. खर्च फार नाही. इच्छा लागते.

आता गेटाच्या आत येऊ.

आवारात वाहतूक सुधारायची म्हटले की पहिली सूचना ठरलेली असते: पार्किंग वाढवा. दुसरी: बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आणा. दोन्ही सूचना देणाऱ्यांनी एकदा पेन्सिल घेऊन बसावे, असे मला कारकून म्हणून वाटते.

एक दुचाकी उभी करायला साधारण दोन चौरस मीटर जागा लागते. ती आत-बाहेर काढायला तेवढीच मोकळी जागा धरा. म्हणजे हजार दुचाकींना चार हजार चौरस मीटर, सरळ एक एकर. मोटारीला येण्या-जाण्याच्या वाटेसकट पंचवीस चौरस मीटर धरले, तर हजार मोटारींना सहा एकरांच्या वर जागा जाते. ही जमीन विद्यापीठाला कोणी शिकवण्यासाठी दिली होती, गाड्या झाकून ठेवायला नव्हे. आणि या एकरांचे भाडे कोण भरते? गाडी नसलेल्या मुलांच्या वसतिगृहासाठी, वाचनालयासाठी, झाडांसाठी जी जागा राहिली असती, तीच ही जागा. म्हणजे चालत येणारा मुलगा गाडीने येणाऱ्या मुलाला अनुदान देतो. बँकेत अशी नोंद झाली असती तर ऑडिटरने लाल शाई काढली असती.

आता ई-रिक्षा. नियमाप्रमाणे एका ई-रिक्षात चार प्रवासी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. आवारातली फेरी तीन किलोमीटरची धरा. चढ-उतार करत एक फेरी पंधरा मिनिटांत होईल, म्हणजे तासाला चार फेऱ्या. एक रिक्षा तासाला सोळा माणसे नेईल, दहा रिक्षा घेतल्या तर १६०. हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात हे म्हणजे ताटात चटणी वाढून पंगत उठवण्यासारखे झाले. वयस्कर प्राध्यापक, गर्भवती महिला, पाय मुरगळलेला विद्यार्थी, निकालाची चौकशी करायला गावाहून आलेले आई-बाप यांच्यासाठी दोन-तीन ई-रिक्षा जरूर हव्यात. पण उद्घाटनाचा फोटो निघाला आणि प्रश्न सुटला, असे मात्र होत नाही. त्यापेक्षा पंचवीस माणसांची लहान बस घ्या. पंधरा मिनिटांची फेरी आणि पाच मिनिटे थांबा धरला, तरी दोन बसमध्ये दर दहा मिनिटांना एक बस मिळते आणि तासाला दीडशे माणसे जातात. चालक दोन-चारच लागतात. आणि तीच बस गेटावर न थांबता बीआरटीएसच्या थांब्यालगत, जमल्यास थेट उधना स्टेशनपर्यंत गेली, तर नवसारी-बिलिमोऱ्याकडून पासावर येणारी मुले आणि तापी लाइनने नवापूर, व्यारा भागातून येणारी मुले, दोघांचीही सोय होते.

पण याहीपेक्षा आधी करायची एक गोष्ट आहे, आणि तिच्यात कोणाचा फोटो निघत नाही: सावलीतला, सलग, सपाट फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन सांगते, की फुटपाथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. मोकळी म्हणजे त्यात विजेचा खांब नाही, कचऱ्याची पेटी नाही, उभी केलेली स्कूटर नाही. एवढ्या पट्टीवरून तासाला शेकडो माणसे आरामात जातात, डिझेल लागत नाही, बॅटरी लागत नाही, चालकाचा पगार लागत नाही. फुटपाथ आणि रस्ता यांत जिथे उंची बदलते तिथे एकास बाराचा उतार दिला, तर व्हीलचेअरवरचा विद्यार्थी कोणाच्या मदतीशिवाय जातो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानंतर ही मेहेरबानीची बाब राहिलेली नाही. कडुनिंब, करंज यांची रांग लावली तर सात-आठ वर्षांत सावली तयार. सुरतच्या उन्हात ही सावली बसच्या फेरीपेक्षा जास्त मुलांना पायी चालायला लावील, अशी माझी पक्की समजूत आहे. आमच्या पिढीने उन्हात सायकली हाणल्या, त्यात काही मर्दुमकी नव्हती, पैसे नव्हते एवढेच.

संध्याकाळचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मुलींना विचारला तरच कळतो. दिवसा चालता येणारा रस्ता साडेसातनंतर चालता येतो का? वाचनालयातून निघाल्यावर गेटापर्यंत दिवे सलग आहेत, की मध्येच अंधाराचा पट्टा आहे? शेवटची बस कितीला, हे थांब्यावर लिहिलेले असते का? आपल्या घरांतून मुलींना जे सांगितले जाते ते मला ठाऊक आहे: "सातच्या आत घरी ये." मग सायंकाळची शिकवणी, स्पर्धा परीक्षेचे वर्ग, ग्रंथालय हे सगळे मुलग्यांचे. आई-बापांना दोष देऊन चालणार नाही, वेळेवर येणारी बस आणि उजेडातली वाट नसेल तर मीही माझ्या मुलीला हेच सांगीन. सांगतोच.

इतर ठिकाणी काय झाले ते थोडक्यात पाहू. पुण्यात विद्यापीठ चौकातली कोंडी सोडवायला उड्डाणपूल बांधला. पुढे तिथून हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो न्यायची ठरली, तेव्हा तो आड आला आणि २०२० साली पाडावा लागला. दीड दशकही पुरते न वापरलेला पूल! जनतेच्या पैशाने बांधला आणि जनतेच्याच पैशाने पाडला. त्या पुलावर जेवढी चर्चा झाली त्याच्या एक शतांश चर्चा चौक ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांवर झाली असती तर बरे झाले असते. मुंबईत पवईच्या आयआयटीत आवारातल्या बसला मुले लाडाने "तुमतुम" म्हणतात. नाव हसण्यासारखे आहे, पण वसतिगृहापासून वर्गापर्यंत नेणारी ही सोय तिथल्या जीवनाचा भाग झाली आहे. आणि आपल्या जळगावचे विद्यापीठ? १९९० साली स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे. तेही शहराबाहेर, महामार्गाला लागून. योगायोग असा, की तो महामार्ग म्हणजे हजीरा-सुरतहून निघून धुळे, जळगाव, नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा, पूर्वीचा सहा क्रमांकाचा, ज्यावरून आपले बाप-आजोबा ट्रकात बसून सुरतेला आले. दोन्ही टोकांना आपलीच पोरे आणि दोन्हीकडे प्रश्न तोच, की मोठ्या रस्त्यावर उतरल्यावर पुढे काय.

मेट्रोचे नाव निघाले की लोक म्हणतात, थांबा, मेट्रो झाली की सगळे सुटेल. सुरत मेट्रोचे भूमिपूजन १८ जानेवारी २०२१ रोजी झाले. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे दोन मार्ग, एकूण सुमारे ४० किलोमीटर. ड्रीम सिटीत, जिथे डिसेंबर २०२३ मध्ये हिरे बाजाराच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले, तिथे मेट्रो जाणार. आनंद आहे. हिऱ्याने या शहराला पोसले आहे, त्याबद्दल असूया नाही. पण स्थानकांची यादी नीट वाचा: मजुरा गेट आहे, उधना दरवाजा आहे, अलथाण आहे, विद्यापीठ या नावाचे स्थानक नाही. म्हणजे मेट्रो झाल्यावरही जवळच्या स्थानकापासून विद्यापीठापर्यंतचा तुकडा राहणारच. त्या तुकड्यावर कोणती बस धावेल, तिकीट एकच चालेल की वेगळे काढावे लागेल, हे आताच ठरले पाहिजे. नंतर ठरवायला गेलो तर पुण्याचा पूल आहेच.

आता राजकारणाकडे येतो.

गेटाबाहेरचा रस्ता महापालिकेचा. बस महापालिकेच्याच सिटीलिंक कंपनीची. सिग्नल आणि वेग वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीत. मेट्रो गुजरात मेट्रो रेल कॉर्पोरेशनची. उधना स्टेशन पश्चिम रेल्वेचे. आवारातले रस्ते, दिवे, वेळापत्रक विद्यापीठाचे. सहा दरवाजे. एका दरवाजावर गेलात तर पुढचा दरवाजा दाखवला जातो. पूर्वी निदान विद्यापीठाच्या दरवाजात आपला माणूस उभा करायची एक वाट होती: सिनेटची निवडणूक. पदवीधरांच्या मतांवर माणूस निवडून जायचा, सभेत उठून प्रश्न विचारायचा, वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या. २०२३ साली गुजरातने सार्वजनिक विद्यापीठांचा नवा कायदा केला, त्याखाली राज्यातली अकरा विद्यापीठे आली आणि सिनेट-सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन मंडळ आले. सिनेटमध्ये राजकारण फार चालायचे, हे खरेच आहे, मी नाकारत नाही. कॉलेजच्या खरेदीपासून परीक्षेच्या तारखेपर्यंत गटबाजी असायची. पण राजकारण काढून टाकले, की प्रश्न विचारणाराही निघून जातो, त्याचे काय? लिंबायतच्या मुलीला दीड किलोमीटर चालावे लागते हे व्यवस्थापन मंडळाच्या टेबलावर कोण ठेवणार? म्हणून विद्यापीठाबाहेरच्या लोकप्रतिनिधींची आणि आपल्यासारख्या मंडळांची जबाबदारी वाढली आहे, कमी झालेली नाही.

आणि लोकप्रतिनिधी आपले नाहीत असे कोण म्हणेल? नवसारी लोकसभा मतदारसंघात लिंबायत, उधना, मजुरा, चौर्यासी हे सुरतेकडचे विधानसभा मतदारसंघ येतात. तिथून आपल्या जळगाव जिल्ह्यातले सी. आर. पाटील २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे चार वेळा निवडून गेले. लिंबायतमधून संगीताताई पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये निवडून आल्या. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. आपण त्यांच्याकडे काय मागितले? मी मंडळाच्या जुन्या निवेदनांची फाइल काढून बसलो. गणपती विसर्जनाचा मार्ग, शिवजयंतीच्या मिरवणुकीची परवानगी, खानदेशाकडे जाणाऱ्या जादा गाड्या, समाजाच्या वाडीसाठी जागा. सगळ्या मागण्या योग्यच. विसर्जनाच्या मिरवणुकीत मीही नाचतो. पण पंधरा वर्षांच्या फाइलीत विद्यार्थ्यांच्या बससाठी एक कागद नाही. मागितलेच नाही तर दिले नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मुलाच्या लग्नात मोटारसायकल मागताना आपल्याला संकोच वाटत नाही, मुलीच्या बससाठी नगरसेवकाकडे जायला मात्र वेळ मिळत नाही. हे वाक्य काहींना झोंबेल. झोंबू द्या.

एक आक्षेप आमच्या कार्यकारिणीतच निघाला, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "साहेब, विद्यापीठ सगळ्यांचे आहे. आपण मराठी मंडळ म्हणून हा विषय घेतला तर गुजराती बांधवांना काय वाटेल?" मला वाटते, बरेच वाटेल. डांगची आदिवासी मुलगी, वराछ्याचा रत्नकलाकाराचा मुलगा, ओरिसाहून आलेल्या लूम कामगाराची मुलगी आणि आपली मुलगी एकाच थांब्यावर उभ्या असतात. बस आली तर चौघांना येते. उलट इतकी वर्षे आपण फक्त आपल्यापुरत्याच मागण्या केल्या म्हणून पाहुण्यासारखे राहिलो. शहराच्या मागण्या केल्या तर शहराचे होऊ.

तेव्हा मंडळाच्या वतीने पुढील पाऊल असे ठरले आहे. प्रथम मोजणी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटले आहे, की नियोजन वाहनांचे नव्हे, माणसांचे करायचे. मग माणसे मोजावी लागतील: कोणत्या वस्तीतून किती मुले येतात, किती वाजता, कशाने, किती पैसे आणि किती मिनिटे लागतात. हे आकडे विद्यापीठाकडे, सिटीलिंककडे असतील तर माहिती अधिकारात मागू. नसतील तर तेच मोठे उत्तर ठरेल. त्यानंतर निवेदन, तेही सहाही दरवाजांना एकाच दिवशी, प्रत्येकाला इतर पाचांची प्रत जोडून, म्हणजे पुढचा दरवाजा दाखवायची सोय राहणार नाही. निवेदनात मागण्या चारच ठेवायच्या असे माझे मत आहे: गेटासमोर उचललेली ओलांडणी आणि पुरेशा सेकंदांचा सिग्नल, गेटापासून सर्व विभागांपर्यंत सलग सावलीचा फुटपाथ आणि दिवे, उधना स्टेशन ते आवारातली फेरी अशी लहान बस, आणि वर्गांच्या वेळा अर्ध्या तासाच्या फरकाने. शेवटच्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. सगळे विभाग एकाच ठोक्याला भरवले, तर बस वीस मिनिटे तुडुंब आणि पुढचा तास रिकामी धावते. भरणाऱ्या वेळा वाटून घेतल्या तर तीच बस दुप्पट मुले नेते. कार्यकारिणीत काहींना मोफत बसची पाचवी मागणी हवी आहे. मला ती पटत नाही, कारण फुकटची बस पहिल्या तंगीत बंद होते, स्वस्त पासाची टिकते. सभेत यावर वाद होईल, होऊ द्यावा.

या अंकासोबत एका पानाचा तक्ता जोडला आहे. ज्यांच्या घरातून कोणी विद्यापीठाच्या आवारात किंवा शहरातल्या कुठल्याही महाविद्यालयात जाते त्यांनी तो भरावा. नाव लिहायची गरज नाही. वस्ती, निघायची वेळ, पोहोचायची वेळ, किती वेळा वाहन बदलले, एका दिवसाचा खर्च, आणि परतीला अंधार होतो का, एवढेच. ज्या घरातल्या मुलामुलीने केवळ जाण्यायेण्याच्या अडचणीमुळे प्रवेश सोडला, त्यांनी तर तो अवश्य भरावा. त्यांच्यासाठी खाली वेगळा रकाना ठेवला आहे. लिंबायतच्या नानांकडे मी स्वतः तक्ता घेऊन जाणार आहे. भरलेले कागद महिनाअखेरीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात पेटीत टाकावेत. ज्यांना जमत नसेल त्यांनी आपल्या विभागाच्या प्रतिनिधीकडे द्यावेत, शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे-चौघे बेरीज करायला बसणार आहोत. बेरीज बरोबर येईल, ती जबाबदारी माझी.

– संपादक